पहिलं उष्टं

दूधवाचक यंत्राच्या पडद्यावर आलेला आकडा डॉ. इरावती साबणे यांना पटला नाही, म्हणून त्यांनी नमुना पुन्हा यंत्रात घातला. यंत्राने पुन्हा तोच आकडा दाखवला. आपल्या म्हणण्याला चिकटून राहण्याचा यंत्रांचा हा गुण इरावतीबाईंना एरवी फार आवडायचा. आज आवडला नाही.

"साय धरेल असं यात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "फारूक, हे दूध नाही, ही निवळी आहे."

मिरजेचे बालरोगतज्ज्ञ डॉ. फारूक मुजावर टेबलाच्या पलीकडे उभे होते. अर्धी उरलेली दुधाची पिशवी बर्फात घालून ते स्वतः गाडी चालवत प्रयोगशाळेत आले होते.

"नभा कोळेकर. पाच महिन्यांची," ते म्हणाले. "जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. आता तिचा वजनपाळणा रोज सकाळी वजन पाठवतो आणि तो आकडा बघायची मला रोज भीती वाटते."

वजनपाळणा म्हणजे झोपलेल्या बाळाचं वजन करून दवाखान्याला परस्पर कळवणारा पाळणा. तो आता बहुतेक घरांतून आला होता आणि बहुतेक आयांना त्याचा राग येत असे.

"दुसरं कुठलं दूध देऊन बघितलं?"

"गाईचं, म्हशीचं, शेळीचं, डब्यातली पावडर, सगळं झालं की. जनावराचं कुठलंही दूध पोटात गेलं की शीतून रक्त पडतंय. आईच्या अंगावर दूध आलंच नाही. वरचं दूध म्हणाल तर तुमचं एकच चालतं तिला, आणि तेच अंगी लागेना."

पिशवीतलं दूध इरावतीबाईंच्या आयुष्यभराचं काम होतं. त्याचं अधिकृत नाव 'प्रतिसादी दूध'. सांगली-मिरजेच्या बायका मात्र त्याला सरळ 'पिशवीचं' म्हणत. पिशवीत बंद झालेल्या कुठल्याही दुधाला आपल्याकडे याहून मोठी पदवी मिळत नाही.

"मला पुन्हा एकदा नीट सांगा," फारूक म्हणाले. "मी डॉक्टर आहे, गवळी नाही. हे दूध पातळ होतंच कसं?"

"आईच्या अंगावर पिताना बाळाची थोडी लाळ उलटी आत जाते आणि तिच्यावरून आईच्या शरीराला बाळाची खबर लागते, असं आम्ही धरून चाललो होतो. बाळाला काही बाधलं असेल तर दूध त्यावरचं औषध बनवतं. बाळ वाढीला लागलं असेल तर दूध दाट होतं. पिशवीच्या चोचीत आम्ही तेच केलंय. तिथे जिवंत पेशींचं एक पातळ आस्तर आहे. ते लाळ वाचतं आणि आतल्या पेशींना सांगतं, पुढच्या वेळचं दूध असं असं बनवा. एक पिशवी आठवडाभर असं शिकत राहते."

"आणि नभाची पिशवी काय शिकली?"

"हे दूध पिणाऱ्याची वाढ पूर्ण झालीय, असं शिकली." इरावतीबाईंनी पडद्यावरच्या एका रेघेवर बोट ठेवलं. "बाळाच्या लाळेत वाढीची खूण असते. ती ज्याच्या लाळेत नाही, त्याला दाट दूध कशाला? म्हणून पिशवीनं पाणी वाढवलं. तिच्या परीनं तिचं बरोबर आहे."

फारूकनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे हे दूध कुणी मोठं माणूस पितंय?"

"प्यायला नको. चाखलं तरी पुरे. आस्तर प्रत्येक पाजणीला एकदाच वाचतं. पहिल्या चोखण्याची लाळ घेतं आणि मिटतं, कारण नंतरच्या लाळेत दूध मिसळलेलं असतं. आणि चोखल्याशिवाय चोचीतून थेंब बाहेर येत नाही. वाटीत ओतून बघायची सोयच ठेवलेली नाही आम्ही."

"पण चाखू नका, हे तुम्ही घरच्यांना सांगितलंय ना?"

इरावतीबाईंचा चेहरा उतरला. सांगितलं होतं, पण कसं? माहितीपत्रकात त्यांनी स्वतः साधं वाक्य लिहिलं होतं: हे दूध बाळाआधी कुणी उष्टं करू नये. विक्री विभागाने त्यावर नाक मुरडलं. एवढ्या आधुनिक उत्पादनावर 'उष्टं'? ऐकायला कसंतरी वाटतं, मॅडम. मग तिथल्या हुशार मंडळींनी ते वाक्य धुऊन पुसून असं केलं: 'लाळसंवेदी आस्तराचा प्रथमसंपर्क केवळ लाभार्थी शिशूचाच असावा.' हे वाक्य एकाही आईने शेवटपर्यंत वाचलं नसावं. वाचून ते कळलेली तर एकही नसावी. उष्टं म्हणजे काय हे आपल्याकडे तीन वर्षांच्या पोराला कळतं, आणि नेमका तोच शब्द या लोकांनी लाजून गाळला.

आणि इरावतीबाईंनी तेव्हा तो गाळू दिला.

दुसऱ्या दिवशी दोघं सांगलीला विश्रामबागेत कोळेकरांच्या घरी गेले. घरात नभा, तिची आई ओवी आणि आजी प्रियांकाताई एवढीच माणसं होती. नभाचा बाप शौर्य पुण्याला नोकरीला होता आणि सुट्टीला येई. ओवी घरूनच इमारतींचे नकाशे आखायची, पण गेला महिनाभर तिने एक रेघसुद्धा आखली नव्हती.

इरावतीबाईंनी नभाला मांडीवर घेतलं. बाळाचे डोळे मोठे दिसत होते, कारण गाल राहिले नव्हते. आपल्या दुधावर वाढलेलं हे मूल आहे, हे त्यांना मनातसुद्धा म्हणवेना.

"ओवी, खरं सांग," त्या म्हणाल्या. "दूध तू आधी चाखतेस?"

"चाखते की." ओवीला प्रश्नच विचित्र वाटला. "प्रत्येक वेळी. न चाखता कसं देऊ? आमच्या लहानपणी गावात भेसळीचं दूध आलं होतं. घरोघरची पोरं आजारी पडली. तेव्हापासून माझी आई आम्हाला चाखल्याशिवाय काही देत नव्हती. आणि हे तर पिशवीचं. कुठं बनतंय, कोण बनवतंय, आम्हाला काय माहीत?"

"मी बनवते," इरावतीबाई म्हणाल्या.

ओवी ओशाळली, पण मागे हटली नाही. "तुमच्यावर राग नाही हो, मॅडम. पण पोटची पोर आहे."

तेवढ्यात प्रियांकाताई स्वयंपाकघरातून आल्या. कोमट पाण्यात ठेवलेली पिशवी त्यांनी पुसून आणली होती. बाई साठीच्या आत-बाहेर, आवाज खणखणीत, आणि मत विचारायची वाट न बघणाऱ्या.

"हिला मीच सांगून दमले," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी काय होतं? पिशवी फोडली, उकळलं, पाजलं. शौर्यला बघा की, दारातनं वाकून यावं लागतंय त्याला. पिशवीच्या दुधानं कुणाला काही होत नाही. या आताच्या पोरींना नुसता संशय. संशयानंच लेकरू वाळलं माझं."

बोलता बोलता त्यांना ठसका लागला. पुढच्या बांधकामाची धूळ फार येते, असं म्हणून त्या पाणी प्यायला आत गेल्या.

इरावतीबाईंनी ओवीला सगळं समजावून सांगितलं, आणि या वेळी खऱ्या शब्दात सांगितलं. तू चाखतेस तेव्हा दूध तुझं उष्टं होतं. मग ते तुझ्यासाठी बनतं, नभासाठी नाही.

ओवीचा रंग उडाला. "म्हणजे मीच तिला उपाशी ठेवलं?"

"तुला कुणी सांगितलं नव्हतं. आता एवढंच कर, चाखू नकोस."

"मॅडम, जे दूध चाखायचंसुद्धा नाही, ते लेकराच्या तोंडात घालायचं?"

"नैवेद्य आपण चाखतो का? तरी देवापुढे ठेवतोच ना?"

"देवाला काही बाधत नाही," ओवी म्हणाली.

शेवटी फारूकनीच मार्ग काढला. नभाला थोडे दिवस दवाखान्यात ठेवू, नवी पिशवी उघडू, आमच्या परिचारिका पाजतील. बघू काय होतंय.

नभाने दवाखान्यात बाळसं धरायला सुरुवात केली. पिशवीतलं दूध दाट झालं. ओवी काचेपलीकडून ते बघत होती आणि तिला आनंद होत होता की लाज वाटत होती हे तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने फारूकना शब्द दिला की घरी गेल्यावर ती चोचीला तोंडसुद्धा लावणार नाही. पोर घरी आली, आणि पुढच्याच आठवड्यात वजनपाळण्याने पुन्हा उतरता आकडा पाठवला.

"कायद्यानं मला आता वर कळवावं लागेल," फारूक फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. "बाळाला संगोपनकेंद्रात नेतील. आईला तिथं मुक्कामाला परवानगी नसते."

इरावतीबाई एकट्याच कोळेकरांकडे गेल्या. या वेळी त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं नाही.

"ओवी, तू शब्द दिला होतास."

"मी नाही चाखलं."

"वजन पुन्हा उतरलंय, म्हणजे दूध पातळ झालंय. दूध खोटं बोलत नाही."

"नभाची शपथ, मी नाही चाखलं." ओवी रडत नव्हती, तिचा आवाज फक्त कोरडा झाला होता. "मला किती वेळा वाटलं. पिशवी ओठांपर्यंत नेली आणि खाली ठेवली. पण तोंड नाही लावलं. तुमचा विश्वास नसेल तर न्या पोरीला. जगली म्हणजे झालं."

दारात प्रियांकाताई उभ्या होत्या. इतकं सगळं चालू असताना त्या प्रथमच काही बोलल्या नाहीत.

इरावतीबाईंचा विश्वास बसला नाही. पोटच्या पोरीची शपथ घेऊन खोटं बोलणारी आई बघून त्यांना संताप आला होता. येताना त्यांनी पिशवी उचलून आणली ती पुरावा म्हणून. आजवर त्या नमुन्यात फक्त साय मोजत होत्या. आता त्यांनी दुधातलं सगळं, शेवटच्या कणापर्यंत वाचायला लावलं. ओवीच्या लाळेच्या खुणा त्यांना कागदावर हव्या होत्या.

यंत्राने यादी दिली आणि त्यांनी फारूकना लगेच बोलावून घेतलं.

"हे बघा. दूध पाण्यासारखं आहे, पण त्यात एक प्रतिद्रव्य ठासून भरलंय. क्षयाच्या जंतूंविरुद्धचं. जुना नमुनाही काढून बघितला, त्यातही होतं. मी तेव्हा तिकडे बघितलंच नाही."

"नभाला क्षय नाही. मीच तपासलंय," फारूक म्हणाले.

"बाळाच्या लाळेवरून हे बनलेलंच नाही. जो पहिला चाखतो, त्याला क्षय आहे."

ओवीची छाती त्याच दिवशी तपासली. तिच्यात क्षयाचा मागमूस नव्हता.

फारूकनी यादी हातात घेतली. "म्हणजे ती खरं बोलत होती."

"आत्ताच नव्हे," इरावतीबाई म्हणाल्या. "पहिल्या नमुन्यातही क्षयच आहे. म्हणजे ओवी चाखायची तेव्हाही तिच्या आधी कुणीतरी चाखलेलं असायचं. आस्तर त्या पहिल्या उष्ट्यावरच मिटायचं. ओवीचं चाखणं त्या दुधाला कधी कळलंच नाही. मी तिला सांगितलं की तूच पोरीला उपाशी ठेवलंस, आणि ती ते मानून बसलीय."

पिशवी थंड कपाटातून कोण काढतं, कोमट कोण करतं, पुसून ओवीच्या हातात कोण देतं, हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो ठसकाही ऐकला होता.

संध्याकाळी ते कोळेकरांकडे पोचले तेव्हा नभा भुकेने रडत होती. तिचं रडणंही आता बारीक झालं होतं. इरावतीबाईंनी प्रियांकाताईंना समोर बसवलं. फारूकनी त्यांना तोंडाला बांधायची पट्टी दिली आणि आजाराचं नाव सांगितलं. लवकर कळलंय, औषधानं बरं होतंय, घाबरू नका, असंही सांगितलं. प्रियांकाताईंनी आजाराबद्दल काहीच विचारलं नाही.

"दुधानं सांगितलं होय माझं नाव?" त्यांनी विचारलं.

"होय. ते तुम्हालाच आपलं लेकरू समजत होतं. तुमच्या दुखण्यावर औषध बनवत होतं."

ओवी सासूकडे बघतच राहिली. "आई, तुम्ही? तुम्हीच तर म्हणायचा की पिशवीच्या दुधानं काही होत नाही. मला वेडी म्हणालात. पाहुण्यांसमोर म्हणालात."

"म्हणाले."

"मी पोरीची शपथ घेतली तेव्हा तुम्ही दारात होता. तेव्हा तरी बोलायचं!"

"बोलायला तोंड उघडलं होतं," प्रियांकाताई म्हणाल्या. "पण एक सांगितलं की सगळंच सांगावं लागलं असतं."

पट्टीमुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसते डोळे दिसत होते.

"शौर्यच्या आधी मला एक मुलगी होती. त्याला माहीत नाही. ह्यांनी सांगितलं होतं, आता तो विषय घरात काढायचा नाही, म्हणून नाही काढला. पिशवी त्या दिवशी जरा फुगलेली होती. मला कामावर जायची घाई. उकळलं, गार केलं, पाजलं. चाखलं नाही. रात्रीत गेली. दुधानंच गेली असं कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलं नाही. ताप होता म्हणाले, काय काय म्हणाले."

ओवीने नभाला घट्ट धरलं होतं.

"मग मी सगळ्यांना सांगत सुटले, पिशवीच्या दुधानं काही होत नाही. शौर्यला तेच पाजलं, मुद्दाम पाजलं. दूध वाईट म्हटलं तर मग मी काय केलं ते मला म्हणावं लागलं असतं गं. पण चाखल्याशिवाय त्याला एक घोट दिला नाही. नभालाही नाही. तुमच्याकडे पाठ करून चाखायची."

ओवीच्या मनात राग होता. महिनाभर गिळलेलं सगळं तिला आत्ता या बाईच्या पदरात टाकायचं होतं. पण आता तिला त्या बाईचीही दया आली, आणि दोन्ही एकदम सहन होईना म्हणून ती रडायला लागली. नभा आधीपासून रडतच होती.

इरावतीबाईंनी आपल्या थैलीतून एक पिशवी काढली. प्रतिसादी दुधाचा तो नवा, न उघडलेला नग होता. त्यावर छापलेली प्रथमसंपर्काची ओळ त्यांनी काळ्या शाईने खोडली होती आणि खाली मोठ्या अक्षरात आपल्या हाताने लिहिलं होतं: बाळाआधी कुणीही उष्टं करू नये. उद्यापासून सगळ्याच पिशव्यांवर हे छापा, असं त्या सकाळीच विक्री विभागाला सांगून आल्या होत्या. 'चाखू नका' म्हणणाऱ्याचं दूध कोण घेईल, असा प्रश्न तिथून आला होता. एकच माणूस ओळखणारं आस्तर बनवायला अजून वर्ष लागणार होतं. तोपर्यंत जी घरं सगळ्यात जास्त काळजी घेतात, त्याच घरांतली मुलं वाळणार होती, आणि किती वाळली आहेत ते त्यांना माहीत नव्हतं.

"मी चाखून दाखवू शकत नाही," त्या ओवीला म्हणाल्या. "माझं आहे म्हणून सांगते, एवढंच सांगू शकते. या दुधाची चव फक्त तिलाच घेता येईल."

ओवीने पिशवी कोमट केली. आज ती तिनेच कपाटातून काढली, तिनेच पुसली. पूर्वी प्रत्येक वेळी ती आधी चाखत होती तेव्हा आपण पहिल्या आहोत असं तिला वाटायचं. खरोखर कुणीही तोंड न लावलेली पिशवी तिच्या हातात आज प्रथमच आली होती.

प्रियांकाताई उठून उंबऱ्याशी गेल्या होत्या. "मी बाहेर थांबते," त्या म्हणाल्या. "मला बघवणार नाही. मागं एकदा असंच दिलं होतं."

"थांबा आई," ओवी म्हणाली. "तिथंच थांबा, पण थांबा. मला एकटीला द्यायचं नाही."

प्रियांकाताई थांबल्या. दाराची चौकट त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

ओवीने चोच नभाच्या ओठांना लावली. नभाने ती घट्ट पकडली आणि चोखायला लागली. दोन-चार घोट गेले. मग ती एकदम थांबली. डोळे मिटलेले, ओठ उघडे, हनुवटीवर दुधाचा ओघळ.

ओवीने हात मागे घेतला नाही. गेल्या वीस वर्षांतला प्रत्येक प्रयोग इरावतीबाईंना त्या क्षणी खोटा वाटला. उंबऱ्यातून बारीक आवाज आला. प्रियांकाताई कुणाला तरी हाक मारत होत्या. ते नाव नभाचं नव्हतं, आणि त्या घरात ते आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

नभाने एक ढेकर दिली आणि पुन्हा चोखायला लागली.